रॉकी माउंटनच्या वेशीवर आरव्हीचा मुक्काम: खासगी जागा कशी निवडावी?

प्रश्न : जुलैच्या शेवटच्या आठवड्यात माझे आईवडील सांगलीहून आमच्याकडे येत आहेत. डेन्व्हरला २८ फुटी आरव्ही (झोपण्याची, स्वयंपाकाची आणि शौचालयाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन आम्ही सहा जण, त्यांत दोन शाळकरी मुले, कोलोरॅडोतील रॉकी माउंटन नॅशनल पार्कजवळ चार रात्री काढणार आहोत. पार्कमधील कॅम्पग्राउंडची आरक्षणे संपली आहेत आणि एस्टेस पार्क गावातली आरव्ही पार्केही भरलेली दिसतात. कुणाच्या तरी खासगी जमिनीवर, रानात किंवा घरामागच्या मोकळ्या जागेत पैसे देऊन आरव्ही लावता येते, असे मित्र सांगतात. अशी जागा शोधावी कशी, ती भरवशाची आहे हे ओळखावे कसे आणि सत्तरी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन तिथे राहणे योग्य ठरेल का?
— एक वाचक, ऑस्टिन (टेक्सास)

उत्तर : योग्य ठरेल, मात्र जागा पार्कच्या प्रवेशद्वारापासूनच्या अंतरावरून निवडू नये. बहुतेक कुटुंबे नकाशा उघडतात, फाटकाजवळचा ठिपका निवडतात आणि पैसे भरून मोकळी होतात. आपली गाडी त्या जागेपर्यंत पोहोचते का, पोहोचल्यावर तिथे वळते का, सहा माणसांचे सांडपाणी कुठे जाणार आणि जमीनमालकाला पाहुणे ठेवण्याची परवानगी आहे का, हे प्रश्न अंतराच्या आधी येतात. त्यांची उत्तरे समाधानकारक असतील तर वीस मैल लांबची जागाही फाटकाजवळच्या जागेपेक्षा सुखाची होते.

खासगी जागेकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट करून ठेवावी. पार्कमधील कॅम्पग्राउंडची आरक्षणे शासकीय संकेतस्थळावर सहा महिने आधी खुली होतात आणि लगेच संपतात, पण लोक ती शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत रद्दही करतात. त्यामुळे रोज सकाळ-संध्याकाळ एकदा पाहत राहावे. मोरेन पार्क कॅम्पग्राउंडमध्ये ४० फुटांपर्यंतच्या, ग्लेशियर बेसिनमध्ये ३५ फुटांपर्यंतच्या आणि अ‍ॅस्पनग्लेन व टिंबर क्रीक येथे ३० फुटांपर्यंतच्या आरव्ही चालतात, म्हणजे आपली गाडी या चारही ठिकाणी बसू शकते. लाँग्ज पीक येथील जागा मात्र केवळ तंबूंसाठी आहेत. आरव्हीला थेट नळ आणि सांडपाण्याची जोडणी यांपैकी कुठेही मिळत नाही, हे लक्षात ठेवले म्हणजे खासगी जागेची तुलना नीट करता येते.

आता भूगोल. पार्कच्या पूर्वेला सुमारे ७,५०० फुटांवर एस्टेस पार्क हे गाव आहे आणि पश्चिमेला ८,३०० फुटांहून अधिक उंचीवर ग्रँड लेक. या दोहोंना जोडणारा ट्रेल रिज रोड ४८ मैलांचा असून १२,१८३ फुटांपर्यंत चढतो. पूर्वेकडे येण्यासाठी बोल्डर-लायन्सकडून ३६ क्रमांकाचा महामार्ग, लव्हलँडकडून बिग थॉम्पसन नदीच्या घळीतून ३४ क्रमांकाचा महामार्ग आणि दक्षिणेकडून ॲलन्सपार्कमार्गे ७ क्रमांकाचा रस्ता आहे. खासगी जागा साधारणपणे याच तीन रस्त्यांच्या आजूबाजूला आणि पश्चिमेला ग्रँड लेक व ग्रॅन्बीच्या दरम्यान सापडतात. आपण डेन्व्हरहून येत आहात आणि सोबत वडीलधारी माणसे आहेत, म्हणून पहिल्या दोन रात्रींसाठी लायन्स किंवा लव्हलँडच्या बाजूची, पायथ्याजवळची जागा घ्यावी आणि उरलेल्या दोन रात्री वर काढाव्यात, असे आम्ही सुचवू. सांगलीहून आलेल्या माणसाला थेट आठ हजार फुटांवर झोपवले तर डोकेदुखी, मळमळ आणि झोपमोड यांत पहिले दोन दिवस वाया जाण्याची शक्यता असते. पायथ्याला थांबून दिवसा वर जाऊन आल्याने शरीराला सवय होते. हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा आजार असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावाच.

शोधाची साधने तीन आहेत. पहिले म्हणजे हिपकॅम्पसारखी ऑनलाइन सेवा, जिच्यावर जमीनमालक स्वतःची जागा नोंदवतात. तिथे गाडीची लांबी, वीज-पाण्याची सोय आणि तारखा टाकून यादी गाळून घेता येते. दुसरे म्हणजे सभासदांना शेतांवर, वाइनरींत किंवा घरांच्या आवारात रात्रभर गाडी लावू देणाऱ्या योजना, ज्यांच्याविषयी पुढच्या उत्तरात लिहिले आहे. तिसरे साधन जुने आहे आणि आमच्या मते सर्वांत कमी वापरले जाणारे आहे. एस्टेस पार्क किंवा ग्रँड लेक येथील पर्यटक माहिती केंद्राला दूरध्वनी करावा आणि गाडीची लांबी सांगून विचारावे. तिथल्या माणसांना जाहिरात न करणाऱ्या लहान जागा आणि आयत्या वेळी रद्द झालेली आरक्षणे ठाऊक असतात.

यादीतील जागा आवडली तरी छायाचित्रांवर भाळू नये. प्रत्येक जाहिरातीत सूर्यास्त आणि डोंगर असतोच. फाटकापासून गाडी लावायच्या जागेपर्यंतचा रस्ता सहसा दाखवलेला नसतो. म्हणून प्रथम उपग्रह नकाशावर ती जागा मोठी करून पाहावी. मुख्य रस्ता सोडल्यावर कच्चा रस्ता किती लांब आहे, तो चढतो की उतरतो, शेवटी गाडी वळवायला मोकळे आवार आहे की रस्ता झाडांत संपतो, हे बरेचसे तिथेच कळते. त्यानंतर अभिप्राय वाचावेत, तेही केवळ आपल्याएवढ्या किंवा मोठ्या गाडीने गेलेल्यांचे. व्हॅन घेऊन गेलेल्या माणसाचे 'रस्ता उत्तम आहे' हे वाक्य आपल्या उपयोगाचे नाही.

भाड्याच्या २८ फुटी आरव्हीत एक अडचण नेमकी असते आणि ती आधी पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. तिच्या मागच्या चाकांच्या पलीकडे बराच मोठा भाग नुसता अधांतरी असतो. डांबरी रस्त्यावरून एखाद्या आवारात शिरताना मध्ये पावसाच्या पाण्याची चर किंवा खोलगट मोरी लागली, तर पुढची चाके चढाला लागतात आणि मागचा भाग खाली दबून जमिनीला घासतो. तिथे बहुधा मागचा बंपर, शिडी किंवा सांडपाण्याचा पाइप मार खातो. त्यातून अनेक भाडेकरारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते आणि तिथे झालेले नुकसान विम्यात बसत नाही. म्हणून करारातील ते कलम आधी वाचावे, मग मालकाकडे प्रवेशाच्या जागेचे समोरून काढलेले छायाचित्र मागावे. जो मालक ते आनंदाने पाठवतो आणि 'पावसानंतर डाव्या बाजूने या' असे आपणहून सांगतो, त्याच्याकडे जाण्यास हरकत नाही. तीन वेळा विचारूनही जो 'काही अडचण येणार नाही' एवढेच लिहितो, त्याची जागा सोडून द्यावी.

रस्त्याच्या बाबतीत आणखी एक सूचना. मोबाइलवरील नकाशा अंतर वाचवण्यासाठी ग्लेन हेवनमार्गे डेव्हिल्स गल्च रस्ता सुचवू शकतो. त्यावर तीव्र उतार आणि पाठोपाठची वळणे आहेत, आरव्हीने तो टाळावा आणि ३६ किंवा ३४ क्रमांकाचा महामार्ग धरावा. पार्कमधील ओल्ड फॉल रिव्हर रोडवर तर २५ फुटांपेक्षा लांब गाडी नेताच येत नाही.

पाणी आणि सांडपाणी हा सहा माणसांच्या कुटुंबाचा खरा प्रश्न आहे. आंघोळी, भांडी आणि हात धुणे चालू राहिले तर सांडपाण्याची टाकी दुसऱ्या दिवशीच भरत आल्याचे दिसेल. ती जमिनीवर सोडणे हा अपराध तर आहेच, शिवाय यजमानाच्या जमिनीची हानीही आहे. त्याच्या घराच्या सेप्टिक टँकमध्येही, त्याने स्वतः जोडणी दाखवल्याशिवाय, काही ओतू नये. आरव्हीच्या शौचटाकीतील काही रसायनांनी त्यातील जिवाणू मरतात आणि दुरुस्तीचा खर्च हजारो डॉलरांत जातो. उन्हाळ्यात पार्कच्या मोरेन पार्क, ग्लेशियर बेसिन आणि टिंबर क्रीक कॅम्पग्राउंडमध्ये डंप स्टेशन, म्हणजे सांडपाण्याची टाकी रिकामी करण्याची सोय, असते, तेव्हा दोन मुक्कामांच्या मध्ये ते काम उरकावे. पाण्याचेही तसेच. कोलोरॅडोत पाण्याच्या हक्कांचे कायदे कडक आहेत आणि लहान मालमत्तांवरील कित्येक विहिरींना केवळ घरातील वापरापुरताच परवाना असतो. मालकाने बाहेरच्या नळाने टाकी भरू दिली नाही तर तो चिकटपणा समजू नये, तो बहुधा कायदा पाळत असतो. डेन्व्हर सोडतानाच टाकी भरून घ्यावी आणि पिण्याचे पाणी वेगळे ठेवावे.

परवानगीविषयी स्पष्ट विचारण्यास संकोच करू नये. एस्टेस पार्कचा परिसर लॅरिमर कौंटीत (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) येतो, लायन्स बोल्डर कौंटीत आणि ग्रँड लेक ग्रँड कौंटीत. प्रत्येक कौंटीचे जमीनवापराचे नियम स्वतःचे आहेत आणि काही वसाहतींत त्यावर घरमालक संघाचेही नियम असतात. ऑनलाइन सेवेवर जागा झळकते एवढ्यावरून तिला परवानगी आहे असे मानता येत नाही. शेजाऱ्याने तक्रार केली आणि अधिकारी दारात आला, तर आईवडिलांना अंधारात उठवून दुसरी जागा शोधण्याची वेळ आपल्यावर येईल. 'आपल्या जागेत आरव्ही मुक्कामाला कौंटीची परवानगी आहे का आणि एका वेळी किती गाड्या असतात?' हा प्रश्न लेखी विचारावा आणि उत्तर जपून ठेवावे.

नदीकाठच्या जागेविषयी आम्हाला थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण जाहिरातींत हीच जागा सर्वांत मोहक दिसते. ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी बिग थॉम्पसनच्या घळीच्या वरच्या भागात ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि काही तासांत आलेल्या पुरात १४४ माणसे गेली. त्यांत सुट्टीसाठी आलेले आणि नदीकाठी मुक्कामाला असलेले लोक होते. सप्टेंबर २०१३ मध्ये पुन्हा मोठा पूर येऊन ३४ आणि ३६ हे दोन्ही महामार्ग वाहून गेले. आजही त्या घळीत जागोजागी पूर आल्यास गाडी सोडून उंचावर चढा असे सांगणारे फलक लावलेले आहेत. आपण नेमके जुलैच्या अखेरीस जात आहात आणि त्या दिवसांत दुपारनंतर गडगडाटी पाऊस पडणे ही तिथली रीतच आहे. म्हणून अरुंद घळीत पाण्याला लागून असलेली जागा घेऊ नये. घेतलीच, तर मागे पायी चढता येईल अशी वाट आहे का हे उजेडात पाहून ठेवावे. वृद्धांना ती चढता येणार नसेल, तर तिथे थांबूच नये.

आगीचीही तीच काळजी. ऑक्टोबर २०२० मध्ये ईस्ट ट्रबलसम वणवा पर्वतरांगेची धार ओलांडून पार्कमध्ये उतरला आणि एस्टेस पार्क गाव रिकामे करावे लागले. त्याच वर्षीचा कॅमरन पीक वणवा दोन लाख एकरांहून मोठा होता. कौंटीने आगबंदी जाहीर केली की ती खासगी जमिनीवरही लागू होते, मालकाने शेकोटीचा खड्डा सजवून ठेवला असला तरी. निघण्याच्या दिवशी शेरीफ कार्यालयाची सूचना पाहावी आणि बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, हे मालकाला विचारून घ्यावे.

स्वयंपाकाबद्दल आपण विचारले नाही, पण आईवडील सोबत आहेत म्हणून सांगतो. साडेसात हजार फुटांवर पाणी ९२ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही आणि शेगडीचा प्रोपेन गॅस मात्र संपत जातो. घरचा लहान कुकर अवश्य न्यावा. अस्वलांचा वावर असल्याने फोडणीची कढई, खरकटे किंवा कचऱ्याची पिशवी रात्री बाहेर ठेवू नये, आणि झोपताना आरव्हीचे दार कुलूपबंद करावे.

शेवटी प्रवेशाविषयी. पार्कमध्ये कॅम्पग्राउंडचे आरक्षण असणाऱ्यांना वेळनिश्चित प्रवेशाचा परवाना सोबतच मिळतो, खासगी जागेत राहणाऱ्यांना तो वेगळा घ्यावा लागतो. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चाललेल्या या पद्धतीत जुलैचे परवाने १ जूनला सकाळी आठ वाजता, तिथल्या वेळेनुसार, खुले होत आले आहेत आणि उरलेले आदल्या दिवशी संध्याकाळी सात वाजता. बेअर लेकचा रस्ता हवा असेल तर त्याचा परवाना निराळा असतो, तो पहाटे पाचपासून लागू होतो. त्या रस्त्यावर आरव्ही लावायला जागा मिळणे फार कठीण आहे, म्हणून गाडी 'पार्क अँड राइड' या वाहनतळावर ठेवून तिथून शटल बसने जावे. तसेच १ जानेवारी २०२६ पासून रॉकी माउंटनसह ११ उद्यानांत, वार्षिक पास नसलेल्या परदेशी पाहुण्यांना नेहमीच्या शुल्काखेरीज आणखी माणशी १०० डॉलर भरावे लागतात. अनिवासींसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा आहे. आपल्या आईवडिलांच्या बाबतीत हा हिशेब आधीच करून ठेवावा.

प्रश्न : माझी मुलगी आणि जावई फोर्ट कॉलिन्सला असतात. उन्हाळ्यात आम्ही दोघे तिकडे जाऊ तेव्हा त्यांच्या आरव्हीने डोंगराकडे जाण्याचा बेत आहे. वाटेत शेतांवर आणि वाइनरींत 'फुकट' मुक्काम मिळतो असे जावई म्हणतात. परक्याच्या दारात असे फुकट राहणे मनाला पटत नाही. ही पद्धत नेमकी काय आहे?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : जावईबापू म्हणतात ती बहुधा हार्वेस्ट होस्ट्स ही योजना असावी. वार्षिक वर्गणी भरलेल्या सभासदांना शेतकरी, वाइनरी, ब्रुअरी, लहान संग्रहालये असे यजमान आपल्या आवारात साधारणपणे एक रात्र आरव्ही लावू देतात. मुक्कामाचे भाडे घेतले जात नाही, पण पाहुण्याने यजमानाकडून काहीतरी विकत घ्यावे, अशी अपेक्षा असते आणि ती आपण मनापासून पाळावी. मध, चीज, फळे किंवा घरी केलेला जॅम घेतला की आपला संकोच उरणार नाही आणि यजमानालाही त्याच्या आतिथ्याचे मोल मिळेल. याच संस्थेकडे २०२१ पासून असलेली बूनडॉकर्स वेलकम ही दुसरी योजना घरमालकांची आहे. त्यांत बरेच यजमान स्वतः आरव्ही बाळगणारे असतात, त्यामुळे पाहुण्याच्या अडचणी त्यांना सांगाव्या लागत नाहीत.

अट महत्त्वाची आहे ती अशी, की गाडीत स्वतःचे शौचालय, पाण्याची टाकी आणि सांडपाण्याची टाकी असायलाच हवी, आणि तंबू ठोकता येत नाही. वीज किंवा नळ गृहीत धरू नये. आधी विनंती पाठवून होकार मिळाल्यावरच जावे, दुकान बंद होण्यापूर्वी पोहोचावे आणि जनरेटर चालवण्याआधी विचारावे. हे मुक्काम पायथ्याच्या सपाट भागात अधिक मिळतात. पार्कच्या अगदी जवळ चार दिवस तळ ठोकायचा असेल तर ही योजना पुरी पडत नाही, डोंगरात चढण्यापूर्वीच्या आणि उतरल्यानंतरच्या रात्रीसाठी मात्र ती फार चांगली आहे.

प्रश्न : सप्टेंबरच्या अखेरीस ॲस्पन झाडांची सोनेरी पाने आणि एल्क या मोठ्या हरणांचा माजाचा हंगाम पाहण्यासाठी पश्चिम बाजूला, ग्रँड लेकजवळ एका खासगी जागेत आरव्ही लावण्याचे ठरवत आहोत. गर्दी कमी असेल, एवढाच विचार केला आहे. आणखी काय पाहावे?
— एक वाचक, शिकागो

उत्तर : गर्दीचा आपला अंदाज बरोबर आहे आणि तिकडच्या कावुनीची खोऱ्यात मूस (हरणाच्या कुळातला प्रचंड प्राणी) दिसण्याची शक्यताही चांगली असते. मात्र त्या दिवसांत रात्री तापमान शून्याखाली जाते. बाहेरून जोडलेला पाण्याचा पाइप रात्री काढून रिकामा करावा आणि आतल्या टाकीतले पाणी वापरावे. अनेक खासगी जागांचे मालक पाइप फुटू नयेत म्हणून याच सुमारास पाणी बंद करतात, तेव्हा जाहिरातीत 'पूर्ण जोडणी' लिहिली असली तरी आपल्या तारखांना ती चालू राहील का, हे विचारावे. भाड्याची गाडी असेल तर तिची आत ऊब देणारी भट्टी चालू करून पाहिल्याशिवाय ताब्यात घेऊ नये.

एल्क केवळ पार्कमध्ये राहत नाहीत, ते आवारातही शिरतात. माजावरचा नर दारासमोर उभा असेल तर त्याला हुसकावण्याचा प्रयत्न न करता तो जाईपर्यंत आतच थांबावे. पार्कच्या नियमाप्रमाणे एल्कपासून किमान ७५ फूट आणि मूस व अस्वलापासून किमान १२० फूट अंतर ठेवावे लागते, खासगी जमिनीवरही तेच अंतर पाळावे. मुलांना ते आधीच पावलांनी मोजून दाखवावे.

ट्रेल रिज रोड साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खुला असतो, पण सप्टेंबरअखेरीच्या बर्फानेही तो अचानक एक-दोन दिवस बंद होऊ शकतो. तसे झाले तर ग्रँड लेकहून एस्टेस पार्कला जाण्यासाठी बर्थूड खिंडीतून शंभराहून अधिक मैलांचा वळसा पडतो. म्हणून पूर्वेकडचा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीलाच ठेवावा, परतीचा रस्ता ट्रेल रिजवर अवलंबून ठेवू नये आणि जागा घेताना हवामानामुळे एक दिवस उशिरा पोहोचल्यास पैसे परत मिळतील की तारीख बदलून मिळेल, हे मालकाकडून लिहून घ्यावे.